नावडत्या गाडीचा भाव कोण पाडतो?

गोव्यात मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, याला आता बराच काळ लोटला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार राज्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे. देशात हे प्रमाण सर्वाधिक असून राष्ट्रीय सरासरी आठ टक्क्यांच्या आसपासच रेंगाळते. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण येथील आतल्या गावांत शेवटची बस लवकर निघून जाते. नोकरी मात्र पणजी, वेर्णा किंवा मडगावला असते. त्यामुळे घर आणि सोने यांच्यानंतर सामान्य गोमंतकीय कुटुंबाचा सर्वांत मोठा पैसा मोटारीतच अडकलेला असतो. घराची आणि सोन्याची किंमत काळाबरोबर वाढण्याची आशा तरी असते. मोटारीची किंमत घटणार हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते. ती किती वेगाने घटणार, हे मात्र गाडीच्या यंत्रावर कमी आणि तिच्या नावावर अधिक अवलंबून असते.

एकाच वर्षी, एकाच किमतीला घेतलेल्या आणि जवळपास सारख्याच धावलेल्या दोन गाड्या पाच वर्षांनी विकायला काढल्या, की हा फरक उघडा पडतो. रोज रस्त्यावर दिसणाऱ्या मॉडेलच्या मालकाला दोन दिवसांत चार विचारणा येतात. क्वचित दिसणाऱ्या मॉडेलच्या मालकाला दलाल गाडीभोवती एक फेरी मारून सांगतो, ‘गाडी छान आहे, पण हिला गिऱ्हाईक नाही.’ त्या एका वाक्यात दीड-दोन लाख रुपये विरून जातात. गाडी नियमित सर्व्हिसिंग झालेली, एकाच मालकाच्या हातची, अपघात न झालेली असली तरी हिशेबात फारसा बदल होत नाही.

ही घसरण अन्यायकारक वाटते, पण ती निष्कारण नसते. ती समजून घेतली तर मोटार घेताना, विकताना आणि जुनी विकत घेताना होणाऱ्या अनेक चुका टळू शकतात. शिवाय या घसरणीचा मोठा भाग माहितीच्या अभावातून येतो आणि तेवढा भाग धोरणाने कमी करता येण्याजोगा आहे.

विम्याचा तक्ता आणि बाजाराचा भाव

मोटारीची किंमत मोजणारी दोन परिमाणे आपल्याकडे एकाच वेळी वापरात असतात. पहिले विम्याचे. गाडीची ‘आयडीव्ही’, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, ठरवण्याकरिता घसाऱ्याचा एक प्रमाणित तक्ता आहे. कंपनीने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के वजा केले जातात. या तक्त्याला गाडीचे नाव ठाऊक नसते. लोकप्रिय आणि नावडती या दोघींना तो एकाच पट्टीने मोजतो.

दुसरे परिमाण बाजाराचे. तेथे मोजली जाते ती गाडीच्या पुढच्या गिऱ्हाइकाची शक्यता. पाच वर्षांनंतर एखादी लोकप्रिय गाडी तक्त्यापेक्षा बरीच वर राहते, तर नावडती गाडी तिसऱ्या वर्षीच तक्त्याच्या खाली घसरते.

विम्याच्या नियमांतही एक बारकावा आहे. पाच वर्षांहून जुन्या आणि कंपनीने उत्पादन बंद केलेल्या मॉडेलची किंमत तक्त्याने न ठरता विमा कंपनी व वाहनमालक यांच्या परस्पर संमतीने ठरते. म्हणजे मॉडेल बंद होताच तक्त्याचा आधारही सुटतो. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी पूर्ण नुकसान झालेली समजली जाते. नावडत्या गाडीची विम्याची किंमत कमी आणि सुटे भाग महाग, असे दुहेरी गणित जमले, तर एरवी दुरुस्त होऊ शकणारी गाडी एका मध्यम अपघातात भंगाराच्या वाटेला लागू शकते. पुनर्विक्रीची किंमत हा केवळ विकणाऱ्याचा प्रश्न नसून गाडी चालवत राहणाऱ्याचाही कसा आहे, ते येथे दिसते.

कंपनी गेली, गाडी राहिली

भारतीय मोटारबाजाराने या प्रश्नाचे धडे गेल्या दशकात वारंवार दिले. जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये भारतातील शेव्हर्ले गाड्यांची विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि वर्षअखेर ती थांबली. बीट, क्रूझ, टवेरा यांचे मालक एका घोषणेसरशी ‘बंद पडलेल्या कंपनी’चे ग्राहक ठरले. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातील मोटारनिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाल्याचे कारण कंपनीने दिले. गुजरातेतील साणंदचा कारखाना पुढे टाटा समूहाकडे गेला. एप्रिल २०२२ मध्ये निसानने डॅटसन हे नाव भारतातून मागे घेतले. त्याआधीच फियाटच्या पुंतो आणि लिनिया या गाड्या बाजारातून नाहीशा झाल्या होत्या.

फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी जाताना सेवा आणि सुटे भाग पुरवत राहण्याची ग्वाही दिली. पण बाजाराने भाव लावला तो ग्वाहीला नव्हे, तर शंकेला. कारखाना बंद झाल्याच्या दिवशी कोणाच्याही दारातल्या इकोस्पोर्टचे इंजिन बिघडले नव्हते. आदल्या रात्री होती तीच गाडी सकाळीही होती. बदलली होती ती पुढच्या खरेदीदाराच्या मनातली कल्पना.

या बाबतीत फियाटचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. फियाटने विकसित केलेले १.३ लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिन भारतात इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले, की त्याला गंमतीने ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ म्हटले जाई. फियाटच्या पुंतोत तेच आणि मारुतीच्या डिझेल स्विफ्टमध्येही तेच. हृदय एकच, पण जुन्या बाजारात स्विफ्टला रांग आणि पुंतोला प्रतीक्षा. इंजिनाच्या गुणवत्तेवर भाव ठरत असता तर हे अंतर एवढे पडले नसते. अंतर पडले ते सेवाकेंद्रांच्या संख्येमुळे, दरवाजा-बंपर-दिवा यांसारखे भाग हाती लागण्यातील सुलभतेमुळे आणि ‘उद्या मलाही विकायची आहे’ या विचारामुळे.

एकाची भीती, दुसऱ्याचे कारण

हा शेवटचा विचार या सगळ्याच्या मुळाशी आहे. जुनी गाडी घेणारा स्वतःच्या पसंतीपुरता विचार करत नाही. आपल्यानंतर ती घेणाऱ्याची पसंतीही तो गृहीत धरतो. तोही त्याच्या पुढच्याचा विचार करणार, हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे एखादे मॉडेल ‘विकले जात नाही’ अशी समजूत झाली, की त्याच समजुतीमुळे ते खरोखरच विकले जाईनासे होते. गाडीत दोष असण्याची गरजच उरत नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध या विषयातला मैलाचा दगड मानला जातो. अमेरिकी बोलीत सदोष गाडीला ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात. विकणाऱ्याला गाडीचे खरे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी लिंबूच असेल असे धरून कमी बोली लावतो. त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि बाजारात खरोखरच लिंबे उरतात. याच परंपरेतील कार्यासाठी अकरलॉफ यांना २००१ मध्ये अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

लोकप्रिय गाडीच्या बाबतीत हे अज्ञान थोडे विरळ होते. तिचे दुखणे कोणते, क्लच किती हजार किलोमीटरला बदलावा लागतो, कोणता आवाज गंभीर आणि कोणता किरकोळ, हे नाक्यावरच्या मेकॅनिकलाही ठाऊक असते. नावडत्या गाडीबद्दल असे सामूहिक ज्ञान साठतच नाही. देशातील मोटारविक्रीत एकट्या मारुती सुझुकीचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. ह्युंदाई, टाटा आणि महिंद्र यांची भर घातली तर या चौघांकडे बाजाराचा चार-पंचमांशाच्या आसपासचा भाग जातो. उरलेल्या लहानशा तुकड्यात बाकी साऱ्या कंपन्यांच्या डझनावारी मॉडेलांना जगायचे असते. प्रत्येकाचे मेकॅनिक थोडे, भंगारातून मिळणारे सुटे भाग थोडे आणि अनुभव सांगणारे शेजारीही थोडेच.

विक्रेत्याचे गणितही याला हातभार लावते. जुन्या गाड्यांचा व्यापारी बहुधा व्याजाच्या पैशावर गाडी घेऊन ठेवतो. मागणी असलेली गाडी आठवड्या-दोन आठवड्यांत निघून जाते आणि तेच भांडवल पुन्हा फिरते. मागणी नसलेली गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. जागा अडवते, तिची बॅटरी उतरते, टायर बसतात, विमा संपतो. ही सारी जोखीम तो खरेदी करतानाच किमतीतून कापून घेतो. दलालाचा कमी भाव हा दर वेळी लबाडीचा पुरावा नसतो. बऱ्याचदा ते थांबून राहण्याचे भाडे असते.

खाणपट्ट्याने शिकवलेला धडा

यंत्र शाबूत असताना त्याची किंमत कशी कोसळते, हे गोव्याला परराज्यातील उदाहरणांवरून शिकण्याची खरे तर गरज नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खनिज उत्खनन थांबले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदीवर शिक्कामोर्तब झाले. मधल्या काळात काही अंशी सुरू झालेला व्यवसाय, ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द ठरवल्यानंतर मार्चपासून पुन्हा ठप्प झाला. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पट्ट्यांत घराघरांसमोर टिपर ट्रक उभे राहिले.

ते ट्रक मोडके नव्हते. कित्येकांचे हप्तेही फिटलेले नव्हते. परंतु खनिज वाहून नेण्यासाठी बांधलेल्या ट्रकला खनिजच नाही म्हटल्यावर सगळे एकाच वेळी विक्रेते झाले आणि खरेदीदार कोणीच उरला नाही. सरकारला ट्रकमालकांसाठी अर्थसाहाय्य आणि कर्जदिलाशाच्या योजना आणाव्या लागल्या. वाहनाची किंमत त्याच्या लोखंडात नसून त्याला असलेल्या मागणीत असते, हे सत्य गोव्यातील हजारो कुटुंबांनी तेव्हा जवळून पाहिले. कुटुंबाच्या मोटारीचे नुकसान त्या मानाने लहान असते आणि एकेकट्याच्या दारात घडते; म्हणून त्याची चर्चा होत नाही. कार्यकारणभाव मात्र तोच आहे.

लहान राज्य, लहान बाजार

मोठ्या शहरात नावडत्या गाडीलाही कुठेतरी तिचा चाहता सापडतो. दहा-वीस हजार खरेदीदारांत एकाला ती हवी असते. गोव्यासारख्या सुमारे पंधरा लाख वस्तीच्या राज्यात असा एकटा चाहता सापडणे कठीण. मग गाडी सिंधुदुर्ग, कोल्हापूर किंवा बेळगावकडे विकण्याचा मार्ग उरतो. तेथे गोव्यातील कुटुंबांचे नातेसंबंध आणि व्यवहार जुने आहेत. पण वाहनाच्या कागदपत्रांना नात्याची ओळख नसते.

परराज्यात गाडी विकायची तर आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा नोंदणी क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बंधनकारक आहे आणि त्या राज्याचा वाहनकरही भरावा लागतो. कर्नाटकातील आजीवन वाहनकर तुलनेने जड आहे. पंधरा लाखांच्या गाडीवर हा खर्च सोसवतो. दोन लाखांच्या गाडीवर तो एजंटाच्या खर्चासह मिळून किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो. त्यामुळे स्वस्त झालेली गाडी सीमेपलीकडे जाण्याइतकीही किंमत राखू शकत नाही आणि स्थानिक बाजारातच आणखी स्वस्त होते.

किनारपट्टीच्या हवेचाही येथे वाटा आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि समुद्रावरून येणारा खारा वारा यांमुळे गाडीचा खालचा पत्रा, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या गंजतात. घाटमाथ्यावरचा जाणकार खरेदीदार गोव्याची गाडी म्हटली की आधी वाकून खालून पाहतो. लोकप्रिय गाडीचा गंजलेला भाग दुसऱ्या दिवशी मिळतो. नावडतीच्या भागासाठी मुंबई-पुण्याहून पार्सलची वाट पाहावी लागते आणि तोवर गाडी गॅरेजात उभी राहते.

विक्रीस विलंब झाला की आणखी एक धोका डोके वर काढतो. कंटाळलेला मालक कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दलालाच्या हाती देतो. ती पुढे दोन-तीन हात फिरते. नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहते. अशा गाडीचा अपघात झाला तर नोंदणीकृत मालकच भरपाईला जबाबदार ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. राज्यांतर्गत विक्रीची माहिती चौदा दिवसांत देण्याची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावर टाकली आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत मान्यता घेण्याची आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना नोंदणी प्राधिकरणाला देण्याची तरतूद झाली आहे. अशा मान्यताप्राप्त व्यापाऱ्याला दहा हजार रुपये कमी घेऊन गाडी देणे हे अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते.

करकपातीचा उलटा वारा

जुन्या गाडीच्या भावाला नव्या गाडीच्या किमतीचे छप्पर असते. वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी घेतलेल्या निर्णयानुसार २२ सप्टेंबरपासून लहान मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला. त्याआधी उपकरासह तो २९ ते ३१ टक्के पडत असे. आठ लाख रुपयांच्या लहान पेट्रोल गाडीची किंमत, कपात पूर्णपणे ग्राहकाला दिली असे धरल्यास, सुमारे ६८ हजार रुपयांनी उतरते. नव्या खरेदीदाराला ही दिवाळीची भेट ठरली. परंतु ज्याने ऑगस्टमध्ये जुन्या दराने गाडी घेतली, त्याच्या गाडीची किंमत एका महिन्यात तेवढीच खाली सरकली.

या धक्क्यातही दोन गाड्यांचे नशीब वेगळे असते. नवी गाडी आवाक्यात आली, की जुनी घेणारा ग्राहक आधी नावडती गाडी सोडतो आणि थोडे पैसे वाढवून नव्याकडे वळतो. लोकप्रिय जुनीला तरीही मागणी राहते. छप्पर खाली येते तेव्हा सर्वांत आधी चेंगरली जाते ती कडेला उभी असलेली गाडी.

जुन्या गाड्यांच्या व्यापारावरील कराबाबतही गैरसमज आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील बैठकीत लहान जुन्या मोटारी आणि विजेवरील जुनी वाहने यांच्यावरील दर १२ वरून १८ टक्के करण्यात आला. हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नसून व्यापाऱ्याला मिळणाऱ्या फरकावर आहे. व्यापाऱ्याने ३० हजार रुपये मिळवले तर त्यावर सुमारे ५,४०० रुपये. घरातली गाडी खासगी व्यक्तीने विकली तर हा कर लागतच नाही. ‘जीएसटीमुळे एवढे कमी देतो’ असे कोणी सांगू लागला, तर हे गणित हाताशी असावे.

बॅटरीचे गूढ

नावडत्या गाडीचा प्रश्न पुढील काही वर्षांत नव्या रूपात येणार आहे. विजेवरील मोटारीत बॅटरी हा सर्वांत महाग भाग. तिची क्षमता किती शिल्लक आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही आणि किलोमीटरच्या आकड्यावरूनही नेमके कळत नाही. अकरलॉफ यांनी वर्णिलेले अज्ञान येथे अधिक गडद होते. त्यातच नव्या गाड्यांच्या किमती उतरत जातात आणि पल्ला वाढत जातो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल लवकर जुने वाटू लागते.

अमेरिकेतील हर्ट्‌झ या भाड्याने मोटारी देणाऱ्या बड्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताफ्यातील सुमारे २० हजार विजेवरील गाड्या विकण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यांच्या घसाऱ्यापोटी २४.५ कोटी डॉलरचा बोजा हिशेबात दाखवला. टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती कमी केल्या, तशा हर्ट्‌झच्या दारात उभ्या असलेल्या गाड्याही स्वस्त झाल्या होत्या. व्यावसायिक ताफा सांभाळणाऱ्या कंपनीचा अंदाज चुकू शकतो, तर सात वर्षांच्या कर्जावर गाडी घेणाऱ्या कुटुंबाने अधिक सावध असायला हवे. पर्यटनासाठी वाहने भाड्याने देणारे गोव्यातील छोटे व्यावसायिक विजेकडे वळत असताना हा मुद्दा दुर्लक्षण्याजोगा नाही.

तोटा नेमका कोणाचा?

आता आकड्यांचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. समजा, लोकप्रिय गाडी आठ लाखांना घेतली आणि तशीच नावडती गाडी ७५ हजारांच्या सवलतीमुळे सव्वासात लाखांना मिळाली. पाच वर्षांनी पहिली पाच लाखांना आणि दुसरी पावणेतीन लाखांना गेली. पहिल्या मालकाला वर्षाला ६० हजारांचा, तर दुसऱ्याला ९० हजारांचा घसारा सोसावा लागला. सवलत घेऊनही दुसरा तोट्यात राहिला.

हेच दोघे बारा वर्षे गाडी वापरतात, असे धरू. अखेरीस पहिलीला दीड लाख आणि दुसरीला ७५ हजार मिळाले. दोघांचाही एकूण घसारा साडेसहा लाख, म्हणजे वर्षाला सुमारे ५४ हजार. तफावत नाहीशी झाली. नावडतेपणाची किंमत मोजावी लागते ती मध्येच विकणाऱ्याला. शेवटपर्यंत गाडी ठेवणाऱ्याला तिचा फारसा त्रास होत नाही.

आणि पाच वर्षांची जुनी गाडी घेऊन पुढची सात वर्षे वापरणाऱ्याचे काय? लोकप्रिय गाडीवर त्याचे साडेतीन लाख झिजतात, वर्षाला ५० हजार. नावडतीवर दोनच लाख, म्हणजे वर्षाला साडेअठ्ठावीस हजार. दरवर्षी उरणारे २१ हजारांहून अधिक रुपये सुट्या भागांच्या महागाईसाठी बाजूला ठेवता येतात. पहिल्या मालकाने गमावलेला पैसा हवेत जात नाही. तो दुसऱ्या मालकाच्या पदरात पडतो.

मात्र तो पदरात पडण्यासाठी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. कंपनी देशात आहे की नाही, यापेक्षा सुटे भाग इतर गाड्यांशी सामाईक आहेत का, हे अधिक महत्त्वाचे. डॅटसनची रेडी-गो बंद झाली, तरी ती रेनोच्या क्विडच्याच सांगाड्यावर बांधलेली होती आणि निसानही देशात होती. असे नाते असलेली गाडी निराधार होत नाही. त्या मॉडेलचे काम जाणणारा मेकॅनिक तालुक्यात आहे का, मागील सर्व्हिसिंगच्या नोंदी मिळतात का, विमा कंपनी किती आयडीव्ही धरते, बँक त्या मॉडेलवर कर्ज देते का, या प्रश्नांची उत्तरे बयाणा देण्यापूर्वी मिळवावीत.

नव्या गाडीच्या खरेदीदारानेही कर्जाची मुदत पाहावी. सात वर्षांच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा भाग व्याजातच जातो. नावडत्या गाडीचा भाव मुद्दलापेक्षा वेगाने उतरतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी नोकरी गेली किंवा आजारपण आले, तर गाडी विकूनही कर्ज फिटत नाही. संकटकाळी उपयोगी पडेल या भरवशावर ठेवलेली वस्तूच त्या वेळी ओझे होते. मोठी सवलत देऊन विकल्या जाणाऱ्या, महिन्याला मोजक्याच खपणाऱ्या गाडीसाठी शून्य डाऊन पेमेंट आणि लांब मुदत ही जोडगोळी म्हणूनच सर्वांत धोकादायक.

भरवशाला कागद हवा

गाडीची आवड-निवड सरकारने ठरवू नये आणि ठरवता येणारही नाही. पण घसरणीतील जो भाग अज्ञान आणि सुट्या भागांच्या अडवणुकीतून येतो, त्याबाबत करण्यासारखे पुष्कळ आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मूळ सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने खुल्या बाजारात स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, हा त्यामागचा निष्कर्ष होता. त्या आदेशाला पुढे अपिलांत आव्हान दिले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. संकेतस्थळ ही सुरुवात झाली. सुटा भाग किती दिवसांत आणि किती वर्षे मिळेल, याचे कंपनीवर बंधन हा खरा पुढचा टप्पा. देश सोडून जाणाऱ्या कंपनीची ग्वाही ग्राहकाच्या हाती मुदत आणि तपशिलासह लेखी स्वरूपात यायला हवी.

वाहनाची नोंदणी, कर्जाचा बोजा आणि विमा यांची माहिती आज ‘वाहन’ प्रणालीवर पाहता येते. अपघात आणि सर्व्हिसिंगचा इतिहास मात्र कंपन्या आणि विमादारांच्या संगणकात बंदिस्त राहतो. मालकाच्या संमतीने तो खरेदीदाराला पाहता आला आणि विजेवरील वाहनाच्या बॅटरीचे आरोग्य प्रमाणित यंत्रणेने तपासून कागदावर दिले, तर नीट राखलेल्या गाडीला तिच्या राखणीचे मोल मिळेल. लोकप्रिय गाडीला अशा कागदाची फारशी गरज नसते. नावडतीला तो तारून नेऊ शकतो.

राज्य पातळीवरही एक लहानसे पाऊल उचलता येईल. मान्यताप्राप्त जुन्या वाहन व्यापाऱ्यांची यादी वाहतूक खात्याने प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात ठळकपणे लावावी आणि मालकी हस्तांतर पूर्ण झाल्याचा संदेश मूळ मालकाला मिळतो की नाही, यावर देखरेख ठेवावी. कोऱ्या सह्यांवर फिरणाऱ्या गाड्यांचा प्रश्न त्यातून बराच आटोक्यात येईल.

तोवर कुटुंबांनी आपला हिशेब आपणच मांडायचा आहे. चार-पाच वर्षांत गाडी बदलण्याची सवय असेल, बदलीची नोकरी असेल किंवा उत्पन्न अनिश्चित असेल, तर सर्वांच्या दारात दिसते तीच गाडी घेण्यात कमीपणा नाही. ती मध्येच विकण्याची मुभा विकत घेणे आहे. गाडी चाक निखळेपर्यंत वापरण्याचा निश्चय असेल, गावातला मेकॅनिक भरवशाचा असेल आणि कर्ज थोडे असेल, तर बाजाराने नाकारलेली गाडी हा फायद्याचा सौदा ठरू शकतो. शोरूममध्ये सवलतीचा आकडा ऐकताना विचारायचा प्रश्न एवढाच, की ही गाडी आपण किती वर्षे ठेवणार आहोत. त्याचे प्रामाणिक उत्तर हाती असल्याशिवाय ७५ हजारांची सवलत स्वस्त आहे की महाग, हे ठरवता येत नाही.